पंज्याखालची चप्पल

ओल्या प्लास्टरचा वास आला की वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीजवळच्या शाळेतलं ते विज्ञान प्रदर्शन आठवतं. माझ्या सातवीच्या वर्गातल्या दोन मुलींनी गावाकडून शाळेत येणाऱ्या पायवाटेवरचे प्राण्यांचे ठसे महिनाभर प्लास्टरमध्ये उतरवले होते. पाहुण्यांसमोर त्या न अडखळता बोलत होत्या आणि मी कौतुकानं फुलून गेले होते. मग एकीनं शेवटचा ठसा उचलला. "हा वाघाचा पंजा. याच्याखाली चपलेची नक्षी हाये. म्हंजे मानूस पयले गेला, वाघ मांगून आला. असा ठसा चारदा भेटला." कोणीतरी विचारलं, "चप्पल कोणाची?" ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमची. वर्गाबाहेर काढली तवा आम्ही मापून पाह्यली." मी चप्पल काढून तिचा तळ ठशाशी लावून पाहिला. दुसऱ्या सकाळी दोघी आपापल्या वडिलांना घेऊन, मला शाळेपर्यंत सोबत करायला माझ्या दारात हजर होत्या. आता शहरात राहते, तरी एकटी चालताना मी थांबून मागे बघते.