फॉरमॅट मारू द्यायचा नाही

"अगं रेवा, मशीन बोलतच नाहीये," शैलजाताई फोनवर म्हणाल्या. "पंखा फिरतोय, सुरुवातीचा टुण् आवाज झाला आणि मग एकदम गप्प. सेक्रेटरीसाहेबांनी दुकानदाराला बोलावलंय. तो म्हणतो, फॉरमॅट मारतो."

मी वाईला होते. एका शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत स्टुलावर उभी राहून वायर ओढत होते. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून मशीन कोरं करायचं. तो शब्द ऐकला आणि खाली उतरले.

"ताई, त्याला हात लावू देऊ नका. तुम्ही स्वतः खुर्चीत बसा. बसलात? आता उठायचं नाही."

शैलजाताईंना अजिबात दिसत नाही. सांगलीत अंध मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे त्या शिकवतात. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. तुमचा-आमचा कॉम्प्युटर बंद पडला की पडदा काळा होतो. ताईंचा बंद पडला की खोलीत शांतता होते.

हे मशीन मीच बसवलेलं. एका ऑफिसने भंगारात काढलेलं, नवं विंडोज त्यावर बसत नाही. माझं कामच ते आहे. लोकांनी टाकून दिलेली मशीन गोळा करायची, त्यांवर लिनक्स टाकायचं आणि ज्यांना गरज आहे तिथे नेऊन लावायची. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था. तिला पैसे पडत नाहीत आणि ती कुणाच्या मालकीची नाही. त्यावर मी पत्रकं काढते, एसटी स्टँडवर वाटते, लोक त्यात भेळ खातात. असो.

प्रश्न मशीनचा नव्हता, मशीन मी दुसरं आणलं असतं. प्रश्न आत काय होतं याचा होता. वसतिगृहातल्या तीन मुली यंदा दहावीला होत्या. इतिहास-भूगोलाची पुस्तकं ऐकायला मिळतात, पण नकाशाचं काय? "आकृती पाहा" असं लिहिलेलं असतं, तिथे ऐकणाऱ्या मुलीने काय पाहायचं? ताईंनी प्रत्येक नकाशाचं आणि आकृतीचं शब्दांत वर्णन तयार केलं होतं. नदी कुठून निघाली, बोट कुठे वळवायचं, डाव्या हाताला काय लागेल. गावातल्या बायकांनी ते मोबाइलवर वाचून पाठवलं. ताईंनी ते कापून, जोडून, नावं देऊन ठेवलं. दिवाळीपासूनचं काम. ते सगळं त्या एका मशीनमध्ये होतं आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली.

दुसरी कॉपी का नव्हती, असं तुम्ही विचाराल. विचाराच. कॉपी ठेवायला एक हार्ड डिस्क द्या म्हणून ताईंनी दोनदा सांगितलं होतं. संस्थेने त्या वर्षी देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची फरशी बसवली. सोनेरी अक्षरांत. ज्या वसतिगृहात ती कुणाला वाचता येत नाही, तिथे.

"फोन स्पीकरवर टाका," मी म्हणाले. "दुकानदार आहेत का तिथे?"

"बोला मॅडम," एक तरुण आवाज आला. "दहा मिनिटांचं काम आहे. विंडोज सेव्हन टाकून देतो, क्रॅक केलेलं आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, मस्त पळतं."

"आणि डेटा?"

"टेन्शन नको. फक्त सी ड्राइव्ह उडवतो. डी ड्राइव्हला हात लावत नाही."

विंडोज डिस्कचे सी, डी असे कप्पे पाडतं. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नसतो आणि डी ड्राइव्हही नसतो. या मशीनवर सगळं एकाच जागेत होतं. त्याने पेन ड्राइव्ह लावला असता तर त्याच्या विंडोजला ही डिस्क कोरी जागा वाटली असती. तो मनापासून म्हणाला असता की डी ड्राइव्ह नव्हताच मॅडम. आणि खरंच बोलला असता. माणूस वाईट नव्हता. आपल्याकडे दुरुस्तीची रीतच ही होऊन बसली आहे. कॉम्प्युटर शिंकला, फॉरमॅट मारा. आवाज येईना, फॉरमॅट मारा. डोकं दुखतंय म्हणून गेलं तर डॉक्टर मुंडकं बदलून देतो का?

"डी ड्राइव्ह नाहीये त्यात," मी म्हणाले. "पेन ड्राइव्ह खिशात ठेवा."

आता संस्थेचे सेक्रेटरीसाहेब बोलले. "हे बघा, तुमचा उत्साह आम्हाला मान्य आहे. पण फुकटच्या गोष्टी अशाच असतात. काल तुम्हीच अपग्रेड करायला सांगितलंत ना?"

सांगितलं होतं. अपग्रेड म्हणजे राहत्या घराचं वायरिंग बदलणं. माणसं आत राहतात आणि एकेक खोलीची तार बदलत जाते. त्याला वेळ लागतो आणि मध्ये ते थांबवायचं नसतं. ताईंनी दुपारी ते चालू केलं होतं आणि संध्याकाळी मुलींच्या जेवणाकडे गेल्या होत्या.

"ताई, मध्ये लाइट गेली होती का?"

"नाही गं. काल लाइट अजिबात गेली नाही. वरचे पंखे रात्रभर चालू होते."

मग मी गोंधळले. "पडद्यावर काय लिहिलंय ते कुणीतरी वाचा."

"मी वाचतो," लांबून एक जाड आवाज आला. हे यादव हवालदार. कडेगावकडचे. फौजेतून रिटायर होऊन वसतिगृहावर पहारेकरी म्हणून लागलेले. "के, ई, आर, एन, ई, एल. मग पी, ए, एन, आय, सी. पॅनिक. पोरी, मशीन घाबरलंय असं लिवलंय."

कर्नेल पॅनिक. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर सगळा कारभार हातात घेणारा मुख्य प्रोग्राम. पुढच्या ओळी त्यांनी अक्षर अक्षर वाचल्या आणि मला कळलं. नवा कर्नेल येऊन बसला होता, पण सुरू होताना त्याला जे सामान लागतं ते तयार व्हायच्या आत काम तुटलं होतं. ड्रायव्हर सीटवर बसला, किल्ली आलीच नाही.

"हे मध्येच बंद पडलंय," मी म्हणाले. "लाइट गेल्याशिवाय असं होत नाही."

मग हवालदार म्हणाले, "मेन आमी पाडला."

"काय?"

"ऑफिसचा मेन सुइच. सा वाजले की मेन पाडायचा, कुलूप लावायचं, चावी वर द्यायची. रोज पाडतो. कालबी पाडला. पडद्यावर कायतरी पळत हुतं, आमाला वाटलं टीव्हीगत चालूच ठिवलाय कुणीतर. सोताच्या हातानं पाडला, न्हाई कशाला म्हणू."

मशीन खाली वसतिगृहाच्या ऑफिसात होतं. ऑफिसची लाइन वेगळी, वरच्या मजल्याची वेगळी. म्हणून ताईंचे पंखे चालू होते. मशीनला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मागच्या वर्षीच मेलेली. तीसुद्धा ताईंनी मागितली होती.

सेक्रेटरीसाहेब हवालदारांवर घसरले. "अहो, तुम्हाला अक्कल आहे का? कुणाला विचारलंत?"

मग माझंही तोंड सुटलं. "साहेब, सहाला मेन बंद करायचा हा नियम तुमचाच. बोर्डावर लावलाय. त्यांनी पाळला. अपग्रेड चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या, "भांडण दुपारी करू. आधी मशीन."

दुकानदाराने घड्याळ बघितलं असावं. "मॅडम, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. तुम्ही सांगलीला येईपर्यंत संध्याकाळ होणार."

"मी येत नाही. इथूनच करते. तुम्ही चहा घ्या."

लिनक्सची एक गोष्ट मी प्रत्येक पत्रकात लिहिते आणि कुणी वाचत नाही. नवा कर्नेल आला तरी ते जुन्याला लगेच हाकलत नाही. तो मागच्या सीटवर बसलेला असतो. त्याला पुढे बोलवायचं, एवढंच. पण ते बोलावणार कोण? ताईंना टायपिंग सफाईदार येतं, पडदा दिसत नाही. हवालदारांना पडदा दिसतो, कीबोर्ड येत नाही. दुकानदाराला दोन्ही येतं, पण त्याच्या हातात मी कीबोर्ड देणार नव्हते.

"ताई टाइप करतील, काका वाचतील," मी म्हणाले. "तिसऱ्याने बोलायचं नाही."

मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. चालू होताना ताईंनी शिफ्टचं बटण दाबून धरलं. हवालदार म्हणाले, "यादी आली." ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स लिहिलेल्या ओळीवर जायचं, एंटर. आता दोन्ही कर्नेलची नावं आली. जुन्याच्या खाली रिकव्हरी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरतं उघडायचं दार.

"कितवी वळ म्हनायची?"

"आकडा लहान आहे ती. त्यातली रिकव्हरीवाली."

"चार नंबरची हाय. ताई, तीनदा खाली."

पडद्यावर अक्षरं पळाली आणि ती पॅनिकवर थांबली नाहीत. मेनू आला. त्यात रूट नावाची ओळ निवडली, तिथून मशीनला थेट हुकूम देता येतो.

"आता खाली फुल्ली-गोळ्याचं घर काढल्यागत एक खूण आलीया," हवालदार म्हणाले.

म्हणजे हॅश. तीच हवी होती. मशीन हुकूम घ्यायला तयार झालं होतं. मी पहिला हुकूम सांगितला. अर्धवट राहिलेली सगळी पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, बसवून पुरी कर, असा त्याचा अर्थ. "डी, पी, के, जी, स्पेस..."

"न्हाई चालत. कमांड न्हाई सापडली म्हणतंय. बी, पी, के, जी दिसतंय इथं."

"बी नाही, डी!"

"मला बीच ऐकू आलं," ताई म्हणाल्या. "फोनवर सगळं ई-ई ऐकू येतंय गं."

"आवं ताई, थांबा," हवालदार म्हणाले. "पोरी, मी वायरलेसवर हुतो. असं सांगत्यात का कुठं? डेल्टा, पापा, किलो, गोल्फ. असं म्हण."

मला ती अक्षरं पाठ नव्हती. मग असं ठरलं की मी सांगायचं, हवालदारांनी पडद्यावर उमटलेलं अक्षर त्यांच्या भाषेत परत म्हणायचं आणि मी हो म्हटल्यावरच ताईंनी एंटर दाबायचं. डेल्टा पापा किलो गोल्फ. आमचं काम एकदम सुरळीत चालू लागलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी हवालदार "ओव्हर" म्हणत होते. दोन-तीन ओळींनंतर मीही म्हणू लागले.

हुकूम बरोबर गेला, तरी मशीनने तो परत पाठवला. "रीड ओन्ली लिवलंय," हवालदार म्हणाले.

दुरुस्तीच्या दाराने आत शिरलं की डिस्क फक्त वाचू देते, लिहू देत नाही. आधी तिला लिहायची परवानगी द्यावी लागते. तो हुकूम लांब, मध्ये स्वल्पविराम, शेवटी तिरकी रेघ. त्या रेघेवर आम्ही अडखळलो, कारण तिरकी कुठल्या बाजूला हे फोनवर सांगणं अवघड. ताईंनीच सोडवलं. "प्रश्नचिन्हाच्या बटणावरची ना? मला बोटाने माहीत आहे."

मग पहिला हुकूम पुन्हा. आणि पडदा पळू लागला.

"लय जोरात पळतंय गं, वाचता येईना."

"वाचू नका. थांबलं की सांगा. आणि मेनच्या खोलीत कुणी जाऊ देऊ नका."

"आता कोण जातंय? चावी माझ्या खिशात हाय."

एकदा ते थांबलं. दुकानदार पटकन म्हणाला, "हँग झालं, मॅडम. मी म्हणत होतो."

हवालदारांनी वाचलं. हँग झालं नव्हतं, ते प्रश्न विचारत होतं. जुनी सेटिंग ठेवू की नवी? जुनी ठेव. एंटर. पुन्हा पळालं. मी शाळेच्या पायरीवर बसले होते, फोन कानाला, दुसऱ्या कानात बोट. पलीकडून पंख्याची घरघर, कपबशीचा आवाज आणि ताईंचा श्वास ऐकू येत होता. इतका वेळ त्या घाबरल्यात असं मला एकदाही वाटलं नव्हतं. तो श्वास ऐकल्यावर कळलं.

"थांबलं. फुल्ली-गोळा आला. ओव्हर."

राहिले दोन हुकूम. एकाने नव्या कर्नेलची किल्ली घडवायची, दुसऱ्याने सुरुवातीची यादी नीट करायची. दोन्ही डेल्टा-पापा करत गेले. मग रीबूट.

पलीकडचा पंखा थांबून पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. टुण् वाजलं. आणि मग त्या मशीनचा कोरडा, सपाट आवाज आला, जो मला एरवी सहन होत नाही. स्क्रीन रीडर ऑन, असं तो म्हणाला.

"बोललं!" हवालदार ओरडले. "बोललं गड्या!"

ताईंची बटणं वाजू लागली. मशीन एकेका फाइलचं नाव वाचत होतं. प्राकृतिक विभाग. नद्या, पश्चिम. नद्या, पूर्व. त्यांनी मधलीच एक उघडली. एक बाई कृष्णेचा उगम सांगत होत्या, महाबळेश्वरपासून बोट खाली आणा म्हणत होत्या, आणि त्यांच्या मागे कुकरची मोठी शिट्टी झाली.

"ही राहिलीय बघ कापायची," ताई म्हणाल्या. "बरं, ठेव फोन. मी कापून घेते."

"आधी कॉपी! कापाकापी नंतर!"

कॉपी त्याच दिवशी झाली. हार्ड डिस्क त्या दुकानदारानेच दिली, सेक्रेटरीसाहेबांनी तिथल्या तिथे पैसे दिले. त्याचीही फेरी फुकट गेली नाही. जाताना त्याने मला फोनवर विचारलं, "मॅडम, ती शिफ्टवाली ट्रिक एकदा लिहून पाठवाल का?" पाठवली. त्यानंतर त्याने दोन मशीन फॉरमॅट न मारता उभी केली, असं तो सांगतो. मी विश्वास ठेवते.

उरलेलं अपग्रेड मी नंतर सांगलीला जाऊन, मशीनशेजारी बसून पुरं केलं. सहा वाजता हवालदार दारात आले. "मेन पाडू का?" "नको." ते खुर्ची घेऊन बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत. मुलींनी परीक्षा दिली. नकाशाचा प्रश्न कसा गेला विचारलं तर एकजण म्हणाली, सोपा होता.

माझ्या नव्या पत्रकात एवढंच छापलं आहे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधलं सहसा काही जात नाही. जातं ते दुरुस्त करताना.