दागिन्यांच्या डब्याखालचा पासपोर्ट

सौदीतल्या दम्मामच्या घरात मी दुपारी झोपायचे आणि झोपेत समुद्र ऐकू यायचा. आमच्या रत्नागिरीचा, थांबत थांबत येणारा. बाहेर पांढरं ऊन, आत एसीचा गारवा, आणि तो समुद्र. जाग यायची ती इस्त्रीच्या वासाने.

इस्त्री करायची ती केनियाहून आमच्याकडे कामाला आलेली बाई. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता, दागिन्यांच्या डब्याखाली. असा ठेवू नये हे मला ठाऊक होतं. पण इथे सगळेच ठेवतात, तिच्याकडून हरवला तर, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावत होते.

शाळेत शिकवता शिकवता मी बाहेरून एम.ए. करत होते. त्यात काळ्या स्त्रियांच्या विचारांवर एक पेपर होता. मी कॉलेजात होते तेव्हा याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. आता तीच पुस्तकं दलित बायकांच्या लिखाणाशेजारी अभ्यासाला होती, आणि पुण्यात शिकणारी माझी लेक मोर्च्याच्या फलकांवर तेच विचार रंगवत होती. मी भारावून गेले. रंग, बाईपण आणि गरिबी एकाच अंगावर एकदम कशी कोसळतात, तळाशी उभ्या असलेल्या बाईला सगळं घर कसं दिसतं, हे निबंधात इतकं छान उतरलं की वाचून मलाच रडू आलं.

त्याच भरात एका दुपारी तिला समोर बसवून, अभ्यासाचं पुस्तक हातात धरून मी ते समजावू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मी वाचलंय ते पुस्तक," ती तिच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही झोपता तेव्हा. दोनदा."

म्हणजे झोपेत ऐकू येणारा माझा समुद्र ती उलटत असलेल्या पानांचा आवाज होता.

"मग माझा पासपोर्ट तुमच्या कपाटात का?"

खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. एवढं घरच्यासारखं वागवते मी हिला! मग लाज वाटली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातलीच माझी गत.

मी डबा सरकवून पासपोर्ट काढून दिला. तिने तो उघडला आणि ती खिडकीच्या उजेडात स्वतःचा फोटो कितीतरी वेळ बघत राहिली.

"माझ्या बॅगेला एक कुलूप मिळेल?"

घरात चोर कोण आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी कुलूप शोधलं, एका किल्लीसकट तिच्या तळहातावर ठेवलं. दुसरी किल्ली, सवयीने, माझ्या मुठीत राहिली.

तिने हात मागे घेतला नाही. ती माझ्या मुठीकडे बघत होती.