पूजेपुरतं धनुष्य

पलंगाखालची ती लांबोडकी पेटी ओढून काढायची वेळ आली, की निशिकांत आगवेकर आधी नाक मुरडे. सिंगापूरच्या दमट हवेनं आतल्या धनुष्याच्या मुठीचं रबर पार विरघळलं होतं. हात लावावा तर बोटं चिकटत, आणि सोडवून घ्यावीत तर काळा चिकटा तळव्यावर राही. वास असा, की डब्यात विसरलेली केळी आठवावीत. धनुष्याच्या दोन्ही टोकांना छोटी चाकं होती आणि त्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा नि खोबरेल तेलाचा राप बसला होता.

"अहो, मेलेलं जनावर पाळल्यासारखं काय ठेवलंय हे पलंगाखाली?" त्याची बायको सुचित्रा दर दसऱ्याला विचारी. तिचं काही चुकत नव्हतं.

धनुष्य होतं खरोखरीच्या शिकारीचं. निशिकांतच्या शिपिंग कंपनीत एक ऑस्ट्रेलियन साहेब होता, सव्वासहा फुटी. गावाकडे तो म्हणे याच धनुष्यानं रानडुकरं मारी. सिंगापूर सोडून जाताना त्यानं टेबलं, कुंड्या आणि जुने पडदे ऑफिसात वाटून टाकले आणि उरलेलं धनुष्य आपल्या अकाउंटंटच्या गळ्यात मारलं. निशिकांत अंडं फोडतानाही तोंड फिरवणारा माणूस, उंचीनं जेमतेम साहेबाच्या खांद्याला लागणारा. पण साहेबानं दिलं म्हणून तो दोन्ही हातांनी घेऊन थँक्यू म्हणाला. बुकित बातोकच्या त्याच्या फ्लॅटमधलं बरंचसं सामान असंच आलेलं होतं. ज्या सोफ्यावर बसून तो पेपर वाची, त्यावरून त्याचे पाय जमिनीला टेकत नसत.

गंमत अशी झाली, की हे धनुष्य वापरून तरी बघू म्हणून तो एका क्लबात गेला आणि त्या खेळानं त्याला वेड लावलं. आकडे, साहेब, घर, मंडळी, सगळं मागे राही. समोर कागदाचं गोल लक्ष्य आणि आपला श्वास, बस्स. पन्नाशीच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी फक्त त्याचं असं मिळालं होतं. पण धनुष्य त्याचं नव्हतं. दोरी कानाच्या मागे नेल्याशिवाय ते पुरतं ताणलंच जात नसे. तेवढं ताणायचं म्हणजे मान मागे टाकायची, कोपर ताठ करायचं, आणि बाण सुटला की दोरी फटकन हातावर बसायची. डाव्या हातावर एक हिरवानिळा वळ कायमचा मुक्कामाला होता. बाण जाई भलतीकडे.

क्लबच्या शिक्षिका लिमबाई साठीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी एका रविवारी त्याचा हात उलटा करून तो वळ पाहिला नि तोंड वाकडं केलं. "अंकल, धिस नॉट युअर बो, ला," त्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, हे धनुष्य तुझं नव्हेच. एक लहान मापाचं धनुष्य त्यांनी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. पण दुसरंही गिऱ्हाईक होतं. पुढच्या रविवारपर्यंत काय ते सांग, नाहीतर ते गेलं, आणि या राक्षसाला घेऊन पुन्हा माझ्या मैदानावर येऊ नकोस, असं त्यांनी बजावलं.

आता यात विचार कसला करायचा? पण निशिकांत आठवडाभर घुटमळला, आणि का घुटमळतोय हे ठाऊक असल्यामुळे त्याला स्वतःचीच शिसारी येत होती. कारण होतं खंडेनवमी.

जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीत, दहाबारा मराठी घरं खंडेनवमीला जमत. शस्त्रपूजा करायची तर शस्त्रं कुठून आणणार? लॅपटॉप, कात्र्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि कुणाची तरी भाजी चिरायची सुरी पाटावर मांडत. त्यांत हे रानटी, रानात दिसू नये म्हणून पानापानांची नक्षी रंगवलेलं धनुष्य आलं, की पूजेला पूजेसारखं रूप येई. "आले आले, आपले धनुर्धर आले!" असा गजर होई. एरवी ज्याच्याशी कुणी टॅक्सशिवाय दुसरं बोलत नसे, त्या निशिकांतला त्या दिवशी पुढची खुर्ची मिळे. नवं धनुष्य होतं निळं, किडकिडीत, खेळण्यासारखं. ते पाटावर ठेवलं तर रॅकेटींत हरवलंच असतं. एका खुर्चीसाठी आपण वर्षभर हात सोलून घेतो, हे कळत होतं आणि तरी सुटत नव्हतं.

खंडेनवमी नेमकी शनिवारी आली. निशिकांत पेटी घेऊन कॉन्डोच्या हॉलमध्ये पोचला, गजर झाला, खुर्ची मिळाली. पूजा आटोपली तसा शैलेंद्र मुजुमदार उठला. शैलेंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर, उंचापुरा, आणि कार्यक्रम त्याच्याच कॉन्डोत, म्हणून सगळ्यांचा म्होरक्या.

"चला, फोटो!" म्हणत त्यानं धनुष्य उचललं. "ई, काय चिकट आहे रे निशी हे!" बोटं त्यानं निशिकांतच्याच सदऱ्याला पुसली. लोक हसले. निशिकांतही हसला.

"शैलेंद्र, ताण हवं तर, पण रिकामी दोरी सोडू नकोस," तो घाईनं म्हणाला. "बाण नसला की सगळा हिसका धनुष्यालाच बसतो. दर वर्षी सांगतो मी."

"अरे, टणत्काराशिवाय कसला दसरा?"

शैलेंद्रनं दोरी कानामागे खेचली आणि सोडून दिली. खाडकन आवाज झाला. बायकांनी कानांवर हात घेतले, पोरांनी टाळ्या पिटल्या. "वन मोर, अंकल, वन मोर!" शैलेंद्रनं आणखी एकदा सोडली. त्या आवाजात लाकूड पिचल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते एकट्या निशिकांतच्याच कानाला लागलं होतं.

मंडळी जिलब्यांकडे वळली. निशिकांत पाटाशी बसला. पूजेच्या ताटातला वातीचा थोडा कापूस घेऊन त्यानं धनुष्याच्या वरच्या वाकत्या पात्यावरून हळूहळू फिरवला. लिमबाईंनी शिकवलेली युक्ती होती ती. चीर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे धागे तिथं अडकतात. मधोमध कापूस अडकला. त्यानं पुन्हा फिरवून पाहिलं, पुन्हा तिथंच. पातं तडकलं होतं.

"हे मोडलंय," तो उठून मोठ्यानं म्हणाला. "आता कुणी ताणलं तर फुटून डोळ्यात जाईल."

शैलेंद्र तोंडातली जिलबी गिळत म्हणाला, "मग पुढच्या वर्षी कसं करायचं? असं कर निशी, हे इथंच ठेवून जा. पूजेपुरतंच तर हवंय!"

"हो, दिसायला छानच आहे," कुणीतरी म्हणालं. आणि पुन्हा जिलब्या सुरू झाल्या.

आता तू कशानं खेळणार, असं एकानंही विचारलं नाही. त्या वळाकडे इतक्या वर्षांत यांच्यातल्या एकाचीही नजर गेली नव्हती. निशिकांतनं त्यांच्या पाकात बरबटलेल्या बोटांकडे पाहिलं, आपल्या सदऱ्यावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि त्याला सगळ्याचाच वीट आला. सर्वांत जास्त आपल्या त्या हसण्याचा.

"उद्या आणून देतो," तो म्हणाला आणि पेटी घेऊन घरी आला.

रविवारी लिमबाईंनी ते धूड शिकंज्यात आवळून त्याची दोरी उतरवली; आता ते कुणाला ताणताच येणार नव्हतं. मूठ पाहून त्यांनी हातमोजे घातले होते. बिनदोरीचं धनुष्य पेटीत घालून निशिकांतनं संध्याकाळी कॉन्डोच्या वॉचमनकडे ठेवलं आणि वर न जाता परत फिरला. त्याआधी सकाळी त्यानं निळं धनुष्य विकत घेऊन पहिल्यांदा ताणलं होतं. दोरी हनुवटीशी येऊन आपसूक थांबली. मान सरळ राहिली. बाण सुटला तेव्हा तो सवयीनं कळ यायची वाट पाहत उभा राहिला, पण हाताला काही लागलंच नाही. तो वळ पुढं पिवळा पडला आणि एक दिवस दिसेनासा झाला.

पुढच्या खंडेनवमीला सकाळीच शैलेंद्रचा फोन आला.

"अरे निशी, याला दोरीच नाही! मला आत्ता पेटी उघडल्यावर दिसलं. टणत्कार कसा करायचा? तू नवं घेतलंयस म्हणे, ते घेऊन ये."

"नाही आणणार," निशिकांत म्हणाला. "रिकामी दोरी सोडून तू तेही मोडशील."

शैलेंद्र मोकळेपणानं हसला. "अरे, मग तू नुसता येऊन करणार काय?"

इतक्या वर्षांत इतकं खरं शैलेंद्र पहिल्यांदाच बोलला होता.

"काही नाही," निशिकांत म्हणाला. "म्हणूनच येत नाही." त्यानं फोन ठेवला आणि क्लबात जायला निळं धनुष्य खांद्याला लावलं.