कावळ्यांचा रिपोर्ट

लॅबवाल्या बाई बावीस वर्षं इस्पितळात रुग्णांच्या जखमांतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध मारतं ते तपासत होत्या. त्या वर्षी एका वॉर्डातल्या चौघांच्या जंतूंवर एकही औषध चालेना. लॅबच्या मागे इस्पितळाचा कचरा उघडाच पडायचा आणि कावळे त्यातली बँडेजं ओढत बसायचे. बाईंनी त्यांची विष्ठा खरवडून तपासली, तर तेच जंतू निघाले.

रिपोर्ट वाचून मोठ्या डॉक्टरांना हायसं वाटलं. "म्हणजे रोग कावळ्यांनी आणला."

"कावळ्यांना अँटिबायोटिक कोणी लिहून दिलं, साहेब?" बाई म्हणाल्या. "शेवटची ओळ वाचा. कचरा आपला, जंतूही आपलेच."

साहेबांनी समिती नेमली. समितीने भरपूर चहा पिऊन खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि ती ओळ खोडायला सांगितली. बाईंनी साफ नकार दिला, म्हणून त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं.

कचरा अजून उघडाच आहे. बाई मात्र साध्या सर्दीवाल्यांना "गरम पाणी प्या, दोन दिवस झोपा" म्हणून खिडकीवरूनच परत पाठवतात. इस्पितळातल्या अँटिबायोटिक गोळ्यांचा खप का घटला, यावर समिती सध्या विचार करते आहे.