बोलावल्याशिवाय आत न येणारा

१९९९च्या उन्हाळ्यात बालाघाटला रक्तपिशाच्च यायचं ते रविवारी भर दुपारी बारा वाजता. चॅनेल नवं होतं, जाहिराती मिळत नव्हत्या, मग वेळ तरी कुठली चांगली मिळणार! पण आमच्या गल्लीनं त्या मालिकेला डोक्यावर घेतलं होतं. नायक पिशाच्च आणि तोच जासूस. मालिकेत त्याचं नाव फार भारदस्त होतं, आम्ही सगळे त्याला नुसतं 'दातवाला' म्हणायचो. तो खुनी शोधून काढायचा, रक्ताची तहान आवरायचा आणि ऊन अंगावर पडलं की जळायचा. दुपारच्या उजेडात जरा तरी भीती वाटावी म्हणून माझा भाऊ केदार खिडक्यांवर चादरी टांगायचा. ओसरीकडची एक खिडकी तेवढी उघडी ठेवायचा. ती वसंताकाकांची.

वसंता मेश्राम हे बाबांचे शाळासोबती. नगरपालिकेच्या शाळेत दोघं एका बाकावर बसत. पुढे माझे बाबा, गुणाकर, कलेक्टर कचेरीत बाबू झाले आणि वसंताकाका भरवेलीच्या मँगनीज खाणीत लागले. आधी बरीच वर्षं खाली उतरले, मग दिव्यांच्या खोलीत आले. पाळीवर जाणाऱ्यांना टोपीचे दिवे द्यायचे आणि परत आले की घ्यायचे. एखादा दिवा जमा झाला नाही तर तो माणूस अजून खाली आहे, हे सगळ्यात आधी त्यांना कळायचं. मग पाळी संपली तरी ते घरी जात नसत.

दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरखाली रुमाल, अशा थाटात ते सायकलनं आमच्याकडे यायचे. मला सायकल त्यांनीच शिकवली. मी पडले की ते म्हणायचे, "देवश्री, जमिनीले लागलं का पाय बेटा?" मी रडता रडता हसायची. बुद्धपौर्णिमेला ते डबाभर खीर आणायचे. आई डबा घ्यायची, धुऊन परत द्यायची. मधल्या वेळात त्या खिरीचं काय व्हायचं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

अकरा वर्षं ते ओसरीवरच बसले. आत येऊ नका असं त्यांना कोणी म्हणालं नाही. या असंही कोणी म्हणालं नाही. आमच्या घरात सगळे फार सभ्य होते ना! त्यांची एक खुर्ची होती, कान तुटलेला एक कप होता. शेजारी कूलरची पाठ होती. थंड वारा आत आमच्याकडे, ठिबकणारं पाणी त्यांच्या चपलांवर. ऊन ओसरीवर चढू लागलं की ते खुर्ची मागे सरकवायचे, आणि एपिसोड संपेपर्यंत भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसलेले असायचे. तोवरचा सगळा दातवाला त्यांनी खिडकीच्या गजांतून पाहिला. खुनी कोण ते आमच्या आधी ओळखायचेही.

पिशाच्चाला घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते बाहेरून मोठ्यानं हसले. "गुणाकर, मंग हा तं आपलाच मानूस निंगाला!" आम्हीही हसलो. बाबांचं हसणं जरा लवकर थांबलं.

मेमधला तो एपिसोड गल्लीत कोणी विसरणार नाही. पहाट होत आलेली. दातवाला एका बाईच्या दारात उभा. खुनी त्याच घरात लपलेला, तिला पत्ता नाही. मागे डोंगरावर सूर्य वर येतोय, हा दार ठोठावतोय, "मला आत बोलवा" म्हणतोय. तिनं कडीला हात घातला, आणि लाइट गेली.

अख्खी गल्ली बाहेर आली. पानठेल्याचा प्रेमलाल ओरडला, "अरे, खिड़की तोड़ के घुस जाता ना!" केदारचं म्हणणं, सूर्यग्रहण होणार. समोरच्या अनुसयाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एकटी बाई हाय घरात. अशाले कायले उघडन दार? मी तं नसतं उघडलं." अर्धा तास नुसता कल्ला. शेवटी प्रेमलालनं वसंताकाकांना विचारलं, "मेश्रामजी, आप बताओ, आगे क्या हुआ होगा?"

काकांनी घाम पुसला. ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. म्हणाले, "ती उघडन दार. म्हनन, या आत. अन् हा म्हनन, नाही बाई, इथंच बरं हाय. सवय झाली."

प्रेमलाल हसला. अनुसयाकाकू म्हणाल्या, हा काय शेवट झाला! आई दारात तांब्या घेऊन उभी होती. ती तशीच आत गेली. बाबा किती तरी वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

त्या आठवड्यात आईनं दोनदा भाजी खारट केली आणि वर आमच्यावरच चिडली.

पुढच्या रविवारी आधी तो अर्धवट राहिलेला भाग पुन्हा दाखवला. बाईनं दार उघडलं, "आत या" म्हणाली. दातवाला आत आला आणि त्याच्या मागे उंबरठ्यावर ऊन पडलं. पानठेल्यावरून प्रेमलालची शिट्टी आली. खिडकीबाहेर वसंताकाकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलासारख्या. तेवढ्यात आई उठली, पदराला हात पुसले आणि तिनं जाळीचं दार उघडलं.

"भाऊजी, आत या."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती, बाबा तीच डोळे फाडून बघत होते. काका उभे राहिले, पण जागचे हलेनात. मला वाटलं, आता आपलंच वाक्य म्हणणार. म्हणू नका हो काका, मी मनात म्हणत होते. त्यांनी खाली पाहिलं आणि हळूच विचारलं, "चपला कुठं काढू, वहिनी?"

अकरा वर्षांत त्यांना ते ठाऊक व्हायचं काही कारणच पडलं नव्हतं. आईनं हातानं जागा दाखवली.

दिवाळीच्या आत मालिका बंद पडली, मग चॅनेलही. त्या बाईच्या घरातला खुनी कोण निघाला, ते आज मला आठवत नाही. काका २००७ साली गेले. आम्ही भरवेलीला भेटायला गेलो, तर त्यांच्या मुलीनं, रचनानं, दारातूनच "आत या, आत या" म्हणत आईचा हात धरून तिला पंख्याखाली बसवलं. आई तिथं खूप रडली. मलाही राहवलं नाही.

जुन्या गोष्टी निघाल्या. रचना म्हणाली, "आमच्याकडं केबल नव्हती. बाबा दर रविवारी घरी येऊन दातवाल्याची सगळी गोष्ट सांगत. फक्त एकदा सांगितली नाही. ती दारातली बाई होती ना, त्या वेळची. दार उघडलं का तिनं, म्हणून आम्ही मागं लागलो होतो. ते खाटेवर बसले अन् आईले एवढंच म्हणाले, गुणाकरच्या घरात आतमंधी लय थंड हाय."