कोकिळा कुठे पडली

माझ्याविषयी गावात दोन हकिकती सांगितल्या जातात आणि त्या दोन्ही खोट्या आहेत. तिसरी मी चार उन्हाळे पोटात ठेवून बसलो — बायकोला सांगितली नाही, वकीलबाईंना नाही; ज्याला सर्वांआधी सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच.

पहिली हकीकत माझी बाजू घेणाऱ्यांची. तिच्याप्रमाणे मी, या गावचा माजी सरपंच, मजूर बायांसाठी सरकारशी भांडलो आणि जिंकलो. दुसरी विरोधकांची — म्हाताऱ्याला पेपरात फोटो हवा होता म्हणे. फोटो? पेपरवाल्यांना मी चहाही न देता परत पाठवले आहे, विचारा हवे तर. खटल्यावर माझा खरोखर विश्वास होता; आजही आहे. — पण पाहा, मुद्दा सोडून मी भांडतो आहे. जुनी खोड.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात तीन मजूर बाया उन्हाने गेल्या. बुलढाण्याहून एक तरुण वकीलबाई आल्या. माझ्या ओसरीवर बसून त्यांनी समजावले : हवामान बदलते आहे हे सरकारला ठाऊक आहे, उष्णतेचे इशारे त्याच्या कचेरीत वेळेवर पोहोचतात, ते शेतात वाकलेल्या बाईपर्यंत पोहोचत नसतील, तिला सावली, पाणी, दुपारची सुटी मिळत नसेल, तर ती निसर्गाची अवकृपा नव्हे — तो तिच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्याची दाद न्यायालयात मागता येते. ऊन म्हणजे नशीब, असे मानणाऱ्या या गावात ते सर्वांत आधी मला पटले. अर्जदार म्हणून मी सही केली. मग त्यांनी विचारले, "काका, कोकिळाबाई तुमच्याकडेच कामाला होत्या ना? कुठे पडल्या त्या?"

"वाटेवर," मी म्हणालो. "अकराला सुटी दिली होती. घरी जाताना पडली."

किती सहज निघाले ते तोंडातून! तेच शपथपत्रात उतरले. खाली माझी सही आहे — ठसठशीत, मला अभिमान वाटावा अशी.

एवढ्यावर थांबता आले असते, तर बरे झाले असते. पण खोटे का बोललो, हे सांगायचे तर तुम्हाला माझ्या शेडनेटमध्ये यावे लागेल. मी मिरचीचे बियाणे घेतो. हिरव्या जाळीचा मांडव, चहूबाजूंनी बंद. आत बाया चिमट्याने एकेक कळी उघडून त्यातले नर केसर काढतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. बाहेरची एक मधमाशी आत शिरली तरी बियाण्यात भेसळ होते. म्हणून दार बंद. वारंवार उघडायचे नाही, हा शिरस्ता. पाण्याचा माठ बाहेर. माठ आत ठेवता आला नसता का? आला असता. मग बाया घडीघडीला हातातले काम सोडून उठल्या असत्या. — हेही मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशी उन्हाने कळ्या गळत होत्या. उरल्यासुरल्या त्याच दिवशी हाताखालून जायला हव्या होत्या, म्हणून अकराची सुटी मी दिलीच नाही. जाळी ऊन अडवते, वाराही अडवते. दुपारी कोकिळा म्हणाली, "बापू, घोटभर पानी पिऊन येऊ द्या जी. डोकं गरगर करून राह्यलं."

"दार उघडलं का माशी घुसते," मी म्हणालो. "एवढी ओळ होऊ दे, मंग जा."

शेजारच्या ओळीतली म्हातारी म्हणाली, "बापूले फुलाची तहान समजते माय, बाईची नाही!" साऱ्या हसल्या. कोकिळाही हसली. मीही हसलो — आणि दार उघडले नाही. आठ-दहा झाडे उरली असताना ती खाली बसली, मग आडवी झाली. दोन वाजून गेले होते. जानेफळच्या दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते.

तिचा नवरा पुंडलिक त्या दिवशी परगावी होता. बायांनी त्याला खरे ते सांगितले, आणि त्याने ते न्यायालयात लिहून दिले — ती शेडनेटमध्ये पडली. बाया मात्र तिथे बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामाला त्यांना माझ्याकडेच यायचे होते. सरकारी वकिलाने माझेच शपथपत्र पुढे केले : ती कामावर नव्हती, असे अर्जदार स्वतःच सांगतो. निकालात दुपारच्या कामाविषयी आदेश आले, बाकी दोघींची नावे आली. कोकिळाचे आले नाही. पुंडलिकाचे म्हणणे विश्वास ठेवण्याजोगे नाही, असे ठरले. वकीलबाई अजून म्हणतात, पुरावा कमी पडला. चूक! पुरावा होता. तो मी होतो.

गावाने माझा सत्कार केला आणि पुंडलिकाचे नाव ‘खोट्या’ पाडले. चहाच्या टपरीवर एकजण त्याला म्हणाला, "काऊन बे खोट्या, आज कोनाले फसवून राह्यला?" मी शेजारच्या बाकावर होतो. बशीतला चहा संपवला आणि उठलो.

भीती कशाची होती? शिक्षेची? मुळीच नाही. ज्या हक्कासाठी मी न्यायालयाची पायरी चढलो, तो सर्वांत आधी माझ्याच हाताने मोडला होता — हे कागदावर यायला नको होते. एवढेच.

गेल्या आठवड्यात पुंडलिकाच्या अंगणात गेलो. तो सायकलचे पंक्चर काढत होता. उभ्या उभ्याच सारे सांगितले. त्याने मान वर केली नाही.

"मले माईत होतं, बापू," तो म्हणाला. "मले कायले सांगता? लोकायले सांगा."

म्हणून हे लोकांना. वकीलबाईंनाही लेखी कळवले आहे. खोट्या शपथेचे जे व्हायचे ते होईल. कोकिळा वाटेवर पडली नाही. ती माझ्या शेडनेटमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, मी पाणी नाकारल्यावर पडली. पुंडलिक पहिल्यापासून खरे बोलत होता.