वरच्या वाडीचे गणपती आणि रावजीची चाकं

रावजी सकाळी उठला की आधी जीपच्या चाकांना हात लावतो, मग चहाच्या कपाला. प्रत्येक टायरवर मूठ आपटायची, कान देऊन आवाज ऐकायचा आणि तो टणक आला की मगच तोंड धुवायला विहिरीवर जायचं. त्याची बायको हिरा म्हणते, "माझं डोकं दुखलं तर ह्यांना दोन दिवसांनी कळतं, चाक बसलं तर झोपेतसुद्धा कळतं." यात खोटं काही नाही. टायरात हवा ठासून भरलेली असावी हा रावजीचा आयुष्यभराचा धर्म. हवा कमी असलेली गाडी त्याला सदऱ्याची बटणं न लावता लग्नाला आलेल्या माणसासारखी वाटते.

दापोलीकडून येणारा डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो. तिथून वरच्या वाडीपर्यंत नुसती घाटी. रस्ता मंजूर झाल्याची बातमी दर निवडणुकीला वर येते, रस्ता खालीच राहतो. पावसाळ्यात घाटीवर लाल चिखलाचा थर बसतो आणि त्याच्याखाली जांभा दगड असतो, खडबडीत आणि पक्का. मुंबईहून आलेल्यांच्या चकचकीत गाड्या पायथ्याशी वडाखाली उभ्या राहतात. वर जाते ती एकटी रावजीची जुनी फोर बाय फोर जीप, तिच्या त्या अरुंद, किडकिडीत चाकांवर. सिलिंडर, सिमेंट, तापाने फणफणलेली पोरं, माहेरी आलेल्या लेकी, सगळं तिनेच वाहिलं. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाडीतल्या घराघरांतले गणपतीही.

तिथेच गेल्या वर्षी घोटाळा झाला. खालच्या गावातल्या गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती घेऊन येताना मागचं चाक एका धोंड्यावर चढलं आणि दाणकन उतरलं. चाक दगडासारखं टणक, खाली खराच दगड आणि वर शाडूचे देव. वाडीत पोचून रुमाल काढला तर धाकूच्या गणपतीचा आशीर्वादाचा हात मनगटापासून निखळलेला.

देव अजून पाटावर बसलेला नव्हता. मूर्तिकार वर येऊन तो निखळलेला हात ओल्या मातीने जोडून गेला, रंगही देऊन गेला. शास्त्राने काही बिघडलं नाही आणि धाकूही काही बोलला नाही. धाकू म्हणजे रावजीचा लहानपणापासूनचा सोबती. गुरं एकत्र राखलेली, शाळा एकत्र बुडवलेली. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर रावजीला बरं वाटलं असतं. पण त्या दिवसापासून धाकू जीपमध्ये बसेनासा झाला. बाजाराच्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून तो घाटी पायी उतरायचा. रावजी गाडी हळू करायचा, तर धाकू कडेला सरकून म्हणायचा, "जा तू. मला चालायला बरं वाटतं." गुडघ्यांना रोज तेल लावणाऱ्या माणसाने असं म्हटल्यावर दुसऱ्याने काय समजायचं? वर्षभर ती पुढची रिकामी सीट रावजीच्या डोळ्यांत खुपत होती.

यंदा श्रावणातच धाकूने निरोप धाडला, "आमचा गणपती मी डोक्यावरून आणणार." रावजीचं जेवणावरचं लक्ष उडालं. यंदा सगळे देव सुखरूप चढवायचे, धाकूला आपल्या डोळ्यांनी ते बघू दे, म्हणजे तरी त्याचं मन वळेल, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला. आणि यंदाही काही मोडलं तर संपलंच.

ही गोष्ट लेकीने, भाविकाने, आपल्या नवऱ्याच्या कानावर घातली. रावजीचा जावई रूपेश बुरोंडीचा. होडीतून उतरलेली मासळी किनाऱ्यावरून आपल्या जीपने रस्त्यापर्यंत आणणं हे त्याचं काम. तो एका रविवारी रिमांसकट चार रुंद टायर घेऊन हजर झाला. टायर कसले, उखळंच ती.

"मामा, ह्यांच्यावर गाडी चालत नाय, तरंगते," रूपेश म्हणाला. "वाळूत आमी हेच वापरतो. धक्का काय तो देवाला कळणार नाय."

लेकीच्या घरचं घ्यायचं म्हणजे रावजीला मेल्याहून मेल्यासारखं. त्यात जावयाने प्रेमाने आणलेलं, नाही म्हणायचं तर त्याचा अपमान. "कशाला एवढा त्रास घेतलात, रूपेशराव," असं म्हणत त्याने ते फताडे टायर बसवून घेतले. स्टेअरिंग पुरतं फिरवलं की टायर मडगार्डला घासायचे. तेही तो जावयाला बोलला नाही.

चतुर्थीच्या आधी त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. देवाऐवजी मडकी घेतली. हिराने कुरकुरत आपली जुनी मडकी दिली आणि डोकी म्हणून प्रत्येकावर एकेक तवसं, परसातली जाडजूड काकडी, ठेवायला मात्र ती हौसेने पुढे आली. भाताचा पेंढा अंथरून रावजीने ती सगळी मंडळी मागे बसवली आणि पायथ्याहून निघाला. धोंड्यांवरून गाडी पाळण्यासारखी झुलत गेली. एक तवसं हललं नाही. रावजी मनातल्या मनात जावयाला आशीर्वाद देत होता, तेवढ्यात चिखलाचं वळण आलं.

रुंद चाक चिखलात रुतत नव्हतं, हे खरं. पण रुतत नव्हतं म्हणूनच ते खालच्या जांभ्याला पोचत नव्हतं. वरच्यावर चिखलातच चाकं गरगरली, गाडीचं ढुंगण आडवं सरकलं, सरकतच राहिलं आणि बांधाला टेकून थांबलं. मागे मडक्यांची खापरं आणि तवशांची कोशिंबीर झाली.  रावजीच्या मनात आलं की ही नुसती मडकी होती, आणि त्याने पावसातच खाली उतरून डोंगराकडे बघत हात जोडले.

त्याच दिवशी त्याने आपली जुनी अरुंद चाकं पुन्हा चढवली. ती चिखल कापून खाली दगड धरतात, पण दगडावर आपटतातही. म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीचं दुखणं. एका चाकात पकड, दुसऱ्यात गादी; दोन्ही एका चाकात कुठून आणायचं? रूपेशचा फोन आला, "टायर कसे हायत, मामा?" रावजी म्हणाला, "झकास." खोटं बोलल्यावर त्याला दिवसभर उचक्या लागल्या, असं हिरा सांगते.

हरतालिकेच्या सकाळी, मूर्ती आणायला निघायच्या वेळेला, रूपेश न कळवता दारात उभा. मदतीला आला होता. रावजीने घाईघाईने चाकांवर गोणपाटं टाकली. पाऊस पडत असताना चाकं झाकून ठेवणारा माणूस जावयाने कुठे बघितला असणार? त्याने वाकून एक गोणपाट उचललं आणि तसाच ओणवा राहिला.

रावजीला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

रूपेश सरळ झाला आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की ओटीवर बसलेल्या हिराने वर बघितलं. "सुटलो, मामा," तो म्हणाला. "टायर देऊन गेलो नि रस्त्यात आठवलं. मागच्या पावसात ह्याच टायरांवर मी शेताच्या वाटेला गाडी आडवी घातलेली. वाळूचं टायर चिखलात काय कामाचं? पण दिलेली वस्तू तुमच्याकडून परत कशी मागायची? झोप नाय मला तेव्हापासून."

"मग फोनवर बोलायचं नाय?" रावजी म्हणाला.

"तुमी झकास बोललात."

दोघेही हसले. हसू ओसरल्यावर रावजीने धोंड्यांची अडचण सांगितली. रूपेशने अरुंद टायरवर मूठ आपटली. टण्ण आवाज आला. "हवा सोडा की ह्यांतली," तो म्हणाला. "वाळूत उतरताना आमी पण सोडतो. अर्धी ठेवा. चाक मऊ पडतं, दगड पोटात घेतं. जोरात जायचं नाय नि झटक्यात वळायचं नाय, एवढं सांभाळा."

रावजीचं तोंड असं झालं की जणू कुणी त्याला जीपच विकायला सांगितली. बसलेल्या चाकांवर गावातून जायचं, तेही सगळ्या मुंबईकरांच्या देखत! "लोक काय बोलतील," तो पुटपुटला.

"देवासमोर कसला आलाय मान," हिरा ओटीवरून म्हणाली. उपासाच्या दिवशी तिचा आवाज जरा जास्तच चढतो. "सोडा हवा."

रावजीने स्वतःच्या हाताने हवा सोडली. चारही वेळा फुसफुस सुरू झाली की तो मान फिरवून माडाकडे बघायचा.

कारखान्यात कळलं की धाकू पहाटेच आपला गणपती घेऊन गेला. त्याच्या मुलाला मुंबईहून सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे एकटाच. बाकीचे देव तोंडावर रुमाल टाकून पेंढ्यात बसले. रूपेश मागे त्यांना हाताचा आडोसा देऊन बसला. घाटी लागली. धोंडा आला तेव्हा रावजीने दात आवळले, पण चाक धोंड्यावर चढलं, दबलं आणि अलगद पलीकडे उतरलं. मागून रूपेश म्हणाला, "काय नाय झालं, चला."

आणि चिखलाच्या वळणावर, वाटेच्या मधोमध, धाकू उभा होता. डोक्यावर पाट, पाटावर गणपती, वर प्लास्टिकचा कागद. पुढे पाय टाकला की घसरत होता, मागे घेतला की तोल जात होता.  किती वेळ तसा उभा होता देव जाणे. गाडीचा आवाज ऐकूनही त्याला मान वळवता येत नव्हती.

चढावर, चिखलात, गाडी थांबवायची नाही, हे रावजीने आजवर कितीतरी पोरांना दटावून शिकवलं होतं. थांबलेली गाडी पुन्हा उचलली नाही तर ती मागे घसरणार, आणि मागे अख्ख्या वाडीचे देव. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याने ब्रेक दाबला.

रूपेशने उडी मारून धाकूला कमरेत धरलं. रावजीने आतून पुढचा दरवाजा ढकलला आणि मूर्तीखाली हात दिला. धाकू चढला, सीटवर टेकला, गणपती मांडीवर घेतला. 

"नीट बस," रावजी म्हणाला. वर्षभरात एवढंच बोलायचं राहून गेलं होतं जणू.

त्याने लो गिअर टाकला आणि क्लच सोडत आणला. चाकं जागच्या जागी फिरली. गाडी किंचित मागे आली. धाकूने गणपतीला छातीशी धरून डोळे मिटले. मग अरुंद चाकांनी चिखल कापला, खाली जांभ्याला दात लावले आणि जीप कण्हत, हळूहळू, पण सरळ वर निघाली.

वाडीत उपासाच्या बाया वाटेवर येऊन थांबल्या होत्या. एकेक रुमाल निघाला. हात, सोंड, कान, मोदक, उंदीर, सगळं जागच्या जागी. रावजी जीपच्या पायरीवर बसला आणि इतक्या माणसांत त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही. पावसात कोणाला काय कळतंय, असं त्याला वाटलं. पण कळलं सगळ्यांना.

धाकू आपला गणपती घरी ठेवून परत आला आणि चाकांकडे बघत उभा राहिला. "हवा गेलीय तुझ्या चाकांतली," तो म्हणाला.

"मुद्दाम सोडलीय."

"तू?" धाकू म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा रावजीच्या पाठीवर त्याची थाप पडली.

रूपेश आपले फताडे टायर घेऊन बुरोंडीला गेला, टायर फसल्याचं भाविकाला सांगायचं नाही अशी सासऱ्याला अट घालून. गौरी-गणपती गेले. बाजाराच्या दिवशी रावजीने चाकांत पुन्हा ठासून हवा भरली, मूठ आपटली, टणक आवाज ऐकला, तोंड धुतलं, चहा प्यायला आणि गाडीकडे आला. पुढच्या सीटवर धाकू आधीच बसला होता, मांडीवर पिशवी.

"थोडी सोड रे," तो म्हणाला. "माझे गुडघे दुखतात."

 रावजी वाकला आणि चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली.